स्टँडबाय काका

मे महिन्यात कोराडीला वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यावर कानटोप्या घालून चालणारी माणसं तुम्ही कधी पाहिली असतील, तर त्यातली एक मी होते. हसून घ्या. आमच्याकडे बघून कोळशाचे ट्रकवालेसुद्धा गाडी हळू करून हसले आहेत.

आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळीच नळाला चहा करण्याजोगं पाणी येतं. अशा उन्हात आम्ही दहा-बारा जण लोकरीचे हातमोजे, कानटोप्या आणि फुगलेले कोट घालून ओळीने चाललेलो. सगळ्यात पुढे काका. बंधाऱ्यावरचा वॉचमन सावलीतून उठून मुद्दाम जवळ आला.

"काका, ऊन चढलं का जी डोक्यात?"

"लडाखले चाललो बे आम्ही."

"मंग टोप्या तिकडं घाला न."

"तिकडं सवय करायले टाइम कोणापाशी आहे?"

वॉचमनने आमच्याकडे एकवार दयेने पाहिलं आणि तो परत सावलीत जाऊन बसला.

काकांचं म्हणणं सरळ होतं. लडाखला झाड नाही, गवत नाही, करडी माती, आणि वारा सुटला की ती तोंडात. आपल्या राखेच्या बंधाऱ्यावर तरी वेगळं काय आहे? तेव्हा सराव इथेच करायचा. हातमोजे न काढता बाटलीचं झाकण उघडता आलं पाहिजे, कोटाची चेन लावता आली पाहिजे, आणि पुरुषांना पायजम्याची नाडी सोडता आली पाहिजे. या शेवटच्या मुद्द्यावर त्यांचा विशेष भर होता. "वर गेल्यावर माणूस याच्यातच फसते," असं ते गंभीरपणे सांगायचे, आणि तपशील विचारायची कोणाची हिंमत नसायची.

काका आमच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. नोकरीची सगळी वर्षं शिफ्टमध्ये काढून निवृत्त झाले, पण शिफ्ट त्यांच्यातून काही निवृत्त झाली नाही. मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. कॉलनीत ते खाली राहायचे आणि मी वर, त्यामुळे माझ्या घरात भांडं पडलं तरी खालून आवाज यायचा, "काय ट्रिप झालं वं?" चालतं यंत्र अचानक बंद पडलं की प्लँटमध्ये 'ट्रिप झालं' म्हणतात.

'स्टँडबाय' हे नाव त्यांना प्लँटमध्येच पडलं. तिथे एक पंप चालू असतो तेव्हा दुसरा तयार ठेवलेला असतो, पहिला बंद पडला तर असावा म्हणून. हे तत्त्व काकांनी घरापर्यंत आणलं. त्यांच्या खिशात दोन पेनं, दोन चष्मे. बाजारात जाताना दोन पिशव्या, आणि एका पिशवीत दुसरी छत्री. मुलीच्या लग्नात त्यांनी भटजीसुद्धा स्टँडबाय आणला होता. तो बिचारा मागे खुर्चीत बसून मसालेभाताची वाट पाहत होता, पण पहिल्या भटजींचं काहीतरी चुकलं म्हणून त्याने जागेवरूनच दुरुस्ती केली. मग दोघांची जी जुंपली, की मुहूर्त टळायची वेळ आली. नवरी-नवरदेव अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभे. काकू शेवटी मांडवात मोठ्याने म्हणाल्या, "नवरदेव एकच आणला, हे तरी उपकार केले यायनं."

काकू म्हणजे त्यांची बायको, आणि माझ्या मते कोराडी परिसरातली सर्वांत शहाणी बाई. काका दर वर्षी कॉलनीतली आणि ओळखीतली माणसं जमवून लडाखला न्यायचे. त्यात त्यांचा कमाईचा हेतू नव्हता. माणसं न्यायची, धडधाकट परत आणायची, हाच छंद. काकू मात्र कधी गेल्या नाहीत. "कायले जाऊ? रोज खिडकीवरून लडाखच तर पुसते मी," म्हणायच्या. आमच्या कॉलनीत सकाळी खिडकीची फळी पुसली की फडकं करडं होतं, ते दाखवूनच हे सांगायच्या.

आता खरी गंमत सांगते. एवढ्या वेळा लडाखला जाऊन आलेल्या या माणसाने पँगाँगचा तलाव एकदाही पाहिला नव्हता.

तलावाबद्दल बोलायचे मात्र पाहून आल्यासारखे. सकाळी त्याचा रंग कसा असतो, दुपारी कसा होतो, ढग आला की कसा बदलतो, हे सगळं ते कॉलनीच्या बाकावर बसून सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, माणूस तलावाकाठीच लहानाचा मोठा झाला. आणि कोणीतरी खवचट विचारायचं, "मंग काका, यंदा पाहिला का?" की काका उठून दूध आणायला जायचे, मग दूध संध्याकाळचं का असेना.

न पाहण्याचं कारण पुन्हा स्टँडबाय. लेहहून तलावाला जायला चांगला म्हणजे फारच उंच घाट लागतो, चांग ला. हवा इतकी विरळ की धडधाकट माणूसही बुटाची लेस बांधून धापा टाकतो. ज्याला ही उंची बाधते त्याला ताबडतोब खाली आणणं हाच उपाय. म्हणून काका मोठ्या गाडीच्या मागे एक छोटी गाडी रिकामी ठेवायचे आणि स्वतः तिच्यात बसायचे. ज्याला त्रास होईल तो छोट्या गाडीत, आणि त्याच्यासोबत इन्चार्ज म्हणून काका. बाकीचे पुढे तलावाला. आणि दर वर्षी कोणीतरी आजारी पडायचंच. कधी नागपुरातल्या मनीषनगरची एक बाई, कधी तिचा नवरा, एकदा तर कॉलनीचा व्यायामशाळेत जाणारा दांडगा पोट्टा. काका घाटावरून त्याला घेऊन खाली. जाणाऱ्याने रडगाणं लावलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तलाव कुठं पळून जाऊन राहिला?"

कोण आजारी आहे हे ओळखायची त्यांची पद्धत तर साऱ्या लडाखात कोणाकडे नसेल. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ते बोटाला लावायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. अर्थात दोन होती. पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "यंत्र बोट पाह्यते. बिघाड डोक्यात असते." डोकं दुखतं का विचारावं तर माणूस तलावाच्या लोभाने खोटं बोलतो. म्हणून काका घाटावर प्रत्येकाला समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "सीताबर्डीहून कोराडीचे थांबे सांग."

आमच्या कॉलनीतलं पोर कोराडीहून नागपूर शहरात जाणाऱ्या बसमध्येच मोठं होतं. जाण्याचे थांबे झोपेतही येतात. परतीचे, म्हणजे उलटे म्हणायचे तर डोकं जाग्यावर लागतं. सीताबर्डी, झिरो माइल, सदर, छावणी, मानकापूर, बोखारा, महादुला, कोराडी. वाटेत थांबे असतात बरेच, पण काकांना एवढे पुरत. अडखळलात की फेल. एकदा दुरुस्तीची संधी, आणि बाजूच्याने कुजबुज केली तर तोही फेल. मनीषनगरहून येणाऱ्यांना हे थांबे आधी पाठ करावे लागत. काकांच्या पुण्याच्या जावयाने एकदा घरीच, जेवताना, गंमत म्हणून म्हणून पाहिले आणि तो सदरलाच अडला. काका पुढचे चार दिवस मुलीला सांगत होते, "त्याले मऊ भात देत जा, बरं नाही वाटून राहिलं."

या यादीतलं मानकापूर म्हणजे काकूंचं माहेर. काका तरुणपणी शिफ्ट संपवून बसने शहरात जायचे आणि मानकापूरला एक मुलगी कॉलेजची वही छातीशी धरून चढायची. पुढचं सांगायला नको. काकू सांगायच्या, "दोन दोन तिकिटं काढत जी हा माणूस. एक हरपलं तर दुसरं." आणि काका लाजून हातातला पेपर उघडायचे.

हसू येतं खरं, पण त्या थांब्यांनी माणसं वाचलीत. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातले सुपरवायझर घाटावर छावणीनंतर थेट महादुल्याला गेले. काकांनी त्यांना छोट्या गाडीत कोंबलं. खाली येईपर्यंत त्यांनी काकांचा उद्धार केला. लेहला पोहोचले तेव्हा ओठ जांभळे, श्वास घरघर वाजत होता. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, तलावाला नेलं असतं तर परत आणणं कठीण होतं. ते गृहस्थ अजूनही दर हिवाळ्यात काकांकडे संत्री घेऊन येतात आणि दारातूनच ओरडतात, "तुमच्यापायी तलाव राह्यला माझा!"

"माझाबी," काका आतून म्हणतात.

मी सोबत गेले ते त्यांच्या लडाखवारीचं शेवटचं वर्ष होतं. कॉलनीच्या डॉक्टरांनी त्यांचं ब्लड प्रेशर पाहून सांगितलं, यंदा गोळ्या घेऊन एकदा जा, पुढे नाव काढायचं नाही. मुलीनेही फोनवरून तंबी दिली. आणि बातमी अशी पसरली की काकूही निघाल्या. इतकी वर्षं खिडकीवरचं लडाख पुसणारी बाई थेट कोट घालून बंधाऱ्यावर आली तेव्हा आम्ही समजून चुकलो. यंदा काकांना तलाव दिसलाच पाहिजे.

मग आम्ही त्यांच्यामागे एक बैठक घेतली. ठराव एकच, यंदा कोणीही आजारी पडायचं नाही. कोणी लसूण खायला लागलं, कोणी जिना चढायला. शेजारच्या एका काकूंनी सर्दी होऊ नये म्हणून केस धुणंच बंद केलं. थांबे तर आम्ही इतके घोकले की एक दिवस मला ऑफिसात साहेबांनी नाव विचारलं तर सीताबर्डी म्हणणार होते.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस आम्ही काय पाहिलं? हॉटेलचं छत. काकांनी सगळ्यांना पलंगावर आडवं केलं. थंड पडलेला बॉयलर एकदम पेटवत नाहीत, हळूहळू तापवतात, नाहीतर नळ्या फुटतात, हे आम्हाला तासातासाला ऐकायला मिळे. बाहेर बाजारात लोक शाली घेत होते, जर्दाळू खात होते, आणि आम्ही पाणी पीत आढ्याला डोळे लावून. कोणी दोन पायऱ्या भराभर चढला की खालून "ट्रिप! ट्रिप!" अशी आरोळी. हॉटेलवाल्या बाईला वाटलं आम्हाला कुठलीतरी ट्रिप बुक करायची आहे. ती दर वेळी पत्रक घेऊन धावत यायची.

तिसऱ्या दिवशी गोम्पा, म्हणजे तिथला बौद्ध मठ, पाहायला सोडलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, त्यामुळे निघताना आईने मला बजावलं होतं, "एवढ्या दूर जाऊन राहिली, तर बुद्धाले आपला जयभीम सांगजो." मी हसले होते. पण तिथे दोन मजले उंच मूर्तीसमोर उभी राहिले. आमच्या वस्तीतल्या विहारात भिंतीवरच्या फोटोसमोर मेणबत्ती लावणारी आई आठवली. तिला आणायला हवं होतं, असं वाटून डोळे भरले. एका म्हाताऱ्या लामांनी कुठून आलात विचारलं. नागपूर म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मग तर मी रडलेच.

काका तेव्हा लामांच्या शागिर्दाला गाठून विचारत होते, "ये लाइट किधर से आता?" त्यांचं सगळं प्रेक्षणीय तिथेच सुरू व्हायचं. शागिर्दाने छतावरचे सौर पॅनेल दाखवले. काका खट्टू झाले. "कोळसा नाही, चिमणी नाही, भोंगा नाही. मंग शिफ्ट कधी बदलली हे समजते कसं यायले?" उंचीचं मोजमापही त्यांचं आपलंच, चिमणी. समोरचा डोंगर बघून म्हणायचे, "आपल्या चिमणीवर चिमणी रचत जा, तरी नाही पुरत." मी डोळे पुसत बाहेर आले तर तेच जवळ आले, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आईचा निरोप देल्ला न वं?"

"देल्ला, काका."

"दोनदा देजो. एक हरपला तर."

तलावाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "आज माझी रिलिव्हर तू. मले काही झालं तर चार्ज तुह्याकडं." कोणाकडे चार्ज द्यायचा तर आवाज मोठा असलेल्याकडे, आणि तो माझा होता. मी थट्टेत सॅल्यूट ठोकला. मोठ्या गाडीत आम्ही सगळे आणि काकू, मागच्या छोट्या गाडीत काका. त्या गाडीचा ड्रायव्हर त्यांचा वर्षानुवर्षांचा. निघताना तो मला म्हणाला, "मॅडम, आज कोई बीमार मत होना. इस अंकल के चक्कर में मैंने भी बरसों से लेक नहीं देखा."

चांग लाच्या माथ्यावर गाड्या थांबल्या. रंगीत पताका फडफडत होत्या, आजूबाजूला नुसते उघडे, तपकिरी, जांभळट डोंगर, आणि सावलीत बर्फ. मान वळवली तरी दम लागत होता. काका गाडीतून उतरले, आम्हाला ओळीत उभं केलं आणि परीक्षा घेतली. सीताबर्डी, झिरो माइल, सदर. एक पास. दुसरा पास. केस न धुतलेल्या काकूंनी तर एका श्वासात म्हणून दाखवले आणि मग तो श्वास परत मिळवायला खाली बसल्या. स्वतःच्या काकूंना त्यांनी शेवटी घेतलं. मानकापूरवर त्यांनी जरा मान वाकडी केली, काका हसले. सगळे पास! इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्टँडबाय गाडी रिकामी राहणार होती. आम्ही टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांतून त्या फुसक्याच वाजल्या. ड्रायव्हरने गाडीचा हॉर्न दिला.

आणि मी, चार्ज घेतलेली शहाणी, नुसती चेष्टा म्हणून म्हणाले, "आता तुमची पाळी, काका."

"हाव, हाव," काका ऐटीत म्हणाले. "सीताबर्डी, झिरो माइल, सदर, छावणी..."

ते थांबले.

"छावणी," ते पुन्हा म्हणाले. मग पहिल्यापासून सुरुवात केली. सीताबर्डी, झिरो माइल, सदर, छावणी. डोळे बारीक केले, बोटं हवेत धरली, जणू बसच्या खिडकीतून पाटी वाचत होते. पाटी येईना. मी तेव्हा त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. जांभळे पडले होते.

सासुरवाडीचा थांबा विसरला म्हणून एरवी कॉलनीने वर्षभर चिडवलं असतं. काकू पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "चालते जी, थकवा असन." दुसरा म्हणाला, "एवढं कोण पाह्यते? चला, बसा गाडीत." सगळ्यांनाच तसं हवं होतं. मलाही. खरं सांगते, मला इतका राग आला त्या थांब्यांचा, की वाटलं ती बसच रद्द व्हावी.

काका माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाची विनवणी ऐकली नव्हती. आता स्वतःच बारीक आवाजात म्हणाले, "पास कर न वं. उतार तर लागतेच आता."

माझ्या डोळ्यांसमोर बुटीबोरीचे ते संत्रीवाले गृहस्थ उभे राहिले. मी म्हटलं, "तलाव कुठं पळून जाऊन राहिला, काका?"

"तलाव नाही वं," ते म्हणाले. "मी जाऊन राहिलो."

मी नुसती छोट्या गाडीकडे बोट दाखवून उभी राहिले. पण काका ते काकाच. क्षणभर तलावाच्या बाजूच्या रस्त्याकडे पाहिलं, मग स्वतःच वळले, गाडीचं दार उघडलं आणि आजाऱ्याच्या जागी जाऊन बसले. इन्चार्जची जागा माझ्यासाठी सोडली.

काकू त्यांच्यामागे निघाल्या. "मीबी येते. मले नाही पाहा लागत तो तलाव."

"तू मोठ्या गाडीत बस."

"तुमाले सोडून मी कायले जाऊ?"

"घरातल्या एकानं तरी पाहा न," काका म्हणाले. "मी कुठवर आयकलेलं सांगू लोकायले?"

काकू रागारागाने मोठ्या गाडीत जाऊन बसल्या आणि दार इतक्या जोरात ओढलं की वर बांधलेल्या बॅगा हलल्या. गाडी पलीकडे उतरून गेली, आम्ही अलीकडे.

अर्ध्या वाटेवर काकांच्या चेहऱ्याला रंग आला. डोंगरउतारावर एक गाव लागलं, हिरवी शेतं आली, आणि काका एकदम ताठ बसून ओरडले, "मानकापूर!"

ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला.

"मानकापूर, बोखारा, महादुला, कोराडी! झाला न पास? गाडी फिरव वापस."

"काका," मी म्हटलं, "ट्रिप झालेलं युनिट लगेच पेटवतेत का?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे शिकवल्याचा त्यांना पश्चात्ताप झालाय. मग म्हणाले, "नाही." कानटोपी सारखी करत पुढे म्हणाले, "तुले चार्ज देला तो बरोबर देला." ड्रायव्हर गाडी चालू करत पुटपुटला, "अंकलजी, मेरा लेक तो आप कभी देखने नहीं देंगे." तेव्हा कुठे काका हसले. मला मात्र लेह येईपर्यंत हसू आलं नाही.

लेहच्या डॉक्टरांनी तपासलं, आराम सांगितला, काळजीचं काही नाही म्हणाले. संध्याकाळी काका हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत शाल पांघरून बसले होते तेव्हा मोठी गाडी आली. माणसं आत येईपर्यंत त्यांची बाहेर काहीतरी कुजबुज चाललेली मला ऐकू आली. मग सगळे आत आले. चेहरे असे, जसे देवळात पहिल्यांदा नेलेल्या मुलांचे असतात. एकीचे डोळे अजून लाल होते. व्यायामशाळेवाल्या पोट्ट्याने मोबाइल घाईने पालथा ठेवला.

काकू काकांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग कपाळ कढत नाही अशी खात्री झाल्यावर ताट ओढून घेतलं.

"कसा आहे?" काकांनी विचारलं. आवाजात सहजपणा आणायचा त्यांचा प्रयत्न बघवत नव्हता.

"कायचं काय," काकू म्हणाल्या. "आपल्या राखेच्या तलावासारखाच आहे जी. इथून तिथून पाणी. उगीच धिंगाणा करतेत लोक."

"निळा?"

"कायचा निळा? मळकाच होता."

"हाव जी," कोपऱ्यातून आवाज आला. "काही खास नाही." "उलट थंडीच लागली." "माशा होत्या." हा माशावाला पोट्ट्याने केलेला आगाऊपणा होता. त्या उंचीवर, त्या थंडीत, माशा. काकूंनी त्याच्याकडे असा कटाक्ष टाकला की तो पाणी प्यायला उठला. आमच्या गणपती मंडळाच्या नाटकांतही इतका वाईट अभिनय मी कधी पाहिला नव्हता.

काकांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लाल डोळेवालीकडे थोडं जास्तच. पालथ्या मोबाइलकडे पाहिलं. मग खुर्ची काकूंच्या दिशेने वळवली.

"माह्याकडं पाह्य," ते म्हणाले. "थांबे सांग. सीताबर्डीहून."

"आता? जेवू तर द्या."

"सांग."

काकूंनी वरणाची पळी खाली ठेवली. "सीताबर्डी," त्या म्हणाल्या. "झिरो माइल. सदर. छावणी." मग त्यांनी काकांच्या डोळ्यांत बघत एक श्वास घेतला. "बोखारा. महादुला. कोराडी."

स्वतःचं माहेरच त्यांनी गाळलं होतं. दुरुस्तीची एक संधी असते, पण काकांनी ती दिली नाही आणि काकूंनी मागितली नाही. काकांनी त्यांच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी पाहत असल्यासारखी, आणि ती तिथेच राहू दिली.

"फेल," ते म्हणाले. "तुले पुढं पाठवायलेच नव्हतं पाह्यजे."

"तेच तर सांगून राह्यली होती मी," काकू म्हणाल्या, आणि उजव्या हाताने त्यांना भात वाढू लागल्या.